पहिलं धिरडं आपल्या ताटात



या अंकात न्याहारीबद्दल लिहिते आहे. विषय साधा वाटेल. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, आणि आरोग्याची सुरुवात दवाखान्यातून होत नाही, सकाळच्या चुलीपासून होते.

गटाच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मोबाईलवर ओट्सच्या पॅनकेकचे व्हिडिओ दिसतात. शहरात शिकणाऱ्या मुली सुट्टीला घरी आल्या की म्हणतात, "आई, नाश्त्याला ओट्स कर ना, हेल्दी असतं." मग प्रश्न येतो : हे ओट्स म्हणजे नेमकं काय? ते खरंच इतकं चांगलं असतं का? दुकानातून पाकीट आणावं, की आपल्या कणगीतल्या ज्वारीचं काही होतं?

या सगळ्याची उत्तरं सांगते. दोन कृती देते, खर्चाचा हिशोब मांडते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : न्याहारी कितीही चांगली केली तरी ती करणाऱ्या बाईच्या पोटात गेली नाही, तर त्या कष्टाचा अर्धा फायदा वाया जातो.

आपल्या सकाळचा हिशोब

एकदा तुमची रोजची सकाळ आठवून बघा. पाचला उठायचं, पाणी, झाडलोट, जनावरं, मग चहा. सगळ्यांचे डबे, मुलांची शाळा. नऊच्या आत खुरपणीला किंवा रोजगाराला बाहेर पडायचं. या चार तासांत तुमच्या पोटात काय जातं? बऱ्याच जणींचं उत्तर एकच असतं : दोन वेळा साखरेचा चहा, फार तर दोन बिस्किटं. खरं जेवण दुपारी बांधावर, एक वाजता. म्हणजे रात्री आठला जेवलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळपास सोळा-सतरा तास नुसत्या चहावर राबते.

चहातल्या साखरेने थोडा वेळ तरतरी येते, मग ती उतरते. अकरा वाजता डोकं दुखणं, उभं राहिल्यावर अंधारी येणं, चिडचिड होणं, यामागे दर वेळी मोठा आजार असेलच असं नाही. कित्येकदा ते नुसतं रिकामं पोट असतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे दहाजणींचा गट गोल करून बसला, तर त्यातल्या पाच-सहाजणींचं रक्त कमी असण्याची शक्यता आहे. आणि हा आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला आहे. म्हणून न्याहारी हा विषय "वेळ मिळाला तर बघू" असा नाही.

ओट्स म्हणजे काय?

ओट हे गहू-ज्वारीसारखंच एक धान्य आहे. हिंदीत त्याला जई म्हणतात. थंड हवेच्या मुलखात ते चांगलं येतं. आपल्याकडेही ज्यांच्याकडे दुभती जनावरं आहेत त्यांना ओट ओळखीचं असेल, कारण रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी ते पेरतात. दुकानातल्या पाकिटात जे मिळतं ते त्याच धान्याचे दाणे सोलून, वाफवून, चपटे केलेले असतात. आपले पोहे जसे, तसंच. आधी वाफवलेलं असल्यामुळे ते लवकर शिजतं.

इथे एक सूचना. चाऱ्यासाठी आणलेलं ओटाचं बियाणं घरी दळून खाऊ नका. त्याचं टरफल कडक असतं, ते घरच्या गिरणीत नीट निघत नाही. शिवाय पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं.

ओटाचा गुण कोणता? त्यात तंतू म्हणजे चोथा भरपूर असतो. त्यातला एक प्रकार पाण्यात भिजला की बुळबुळीत, चिकट होतो. तो पोटात सावकाश पुढे सरकतो, म्हणून भूक लवकर लागत नाही. पिठाला धरून ठेवायचं कामही तोच करतो, म्हणून ओटाचं धिरडं तुटत नाही. प्रथिनंही त्यात चांगली असतात. तेव्हा ओट वाईट नाही, चांगलं धान्य आहे. फक्त ते जादूचं नाही.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर नावाचा भाग आहे, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथे ओटाचं पीठ, थोडं गव्हाचं पीठ आणि आंबवायला यीस्ट घालून तव्यावर मऊ धिरडी करतात. त्याला ओटकेक म्हणतात. ते कारखान्यातल्या कामगारांचं खाणं होतं. कित्येक घरांतून रस्त्याकडच्या खिडकीतूनच गरम गरम ओटकेक विकले जायचे. तसं शेवटचं खिडकीवालं दुकान २०१२ साली बंद झालं, पण ओटकेक तिथे अजून आवडीने खातात. हे सांगायचं कारण असं, की ज्या मुलखात जे धान्य पिकतं त्याचं धिरडं करून कष्टकरी माणसं सकाळी खातात. त्यांचं ओटाचं, आपलं ज्वारीचं. कोकणात तांदळाचं घावन आणि आंबोळी, आपल्याकडे धिरडं. नावं वेगळी, युक्ती एकच.

मग ज्वारी-नाचणी कुठे कमी पडते?

कुठेच नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम चोथा असतो. नाचणीत प्रथिनं कमी, सात ग्रॅमच्या आसपास, पण कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या घरात. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीसही नसतं. बाजरीत लोह या दोघींपेक्षा जास्त, सहा मिलिग्रॅमच्या वर. प्रत्येक धान्याचा एकेक गुण आहे, म्हणून एकटं एक धान्य वापरण्यापेक्षा मिसळून वापरणं शहाणपणाचं. आपल्या आज्यांची भाजणी याच हिशोबाने होती.

ज्वारीचं धिरडं करताना अडचण एकच येते. गव्हात जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नसतो. म्हणून भाकरीला आपण गरम पाणी घालून पीठ मळतो. धिरड्यात तो चिकटपणा डाळीतून आणायचा. भिजवून वाटलेली मूगडाळ किंवा बेसन घातलं की पीठ एकमेकांना धरून राहतं. डाळीने प्रथिनंही वाढतात. धान्यात प्रथिनांचा जो भाग कमी असतो तो डाळीत असतो, आणि डाळीत कमी असतो तो धान्यात. दोन्ही एकत्र आले की अंगाला जास्त लागतात.

कृती पहिली : ज्वारी, नाचणी आणि मूगडाळीचं धिरडं

चार माणसांसाठी, साधारण दहा-बारा धिरडी होतात. वाटी म्हणजे जिच्यात शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ मावतं ती.

ज्वारीचं पीठ २ वाट्या
नाचणीचं पीठ अर्धी वाटी
मूगडाळ ५० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर
मेथी, पालक, चाकवत किंवा शेवग्याचा पाला, बारीक चिरून १ वाटी
कांदा १, बारीक चिरून
हिरव्या मिरच्या २, लसणाच्या ४-५ पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा
जिरे आणि ओवा अर्धा-अर्धा चमचा, तीळ १ चमचा, हळद पाव चमचा
मीठ चवीपुरतं
पाणी अडीच ते तीन वाट्या
तव्याला लावायला तेल, चार छोटे चमचे

१. मूगडाळ रात्री झोपताना धुऊन भिजत घाला. विसरलात तर सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात घाला, तासाभरात वाटण्याइतकी होते.

२. सकाळी डाळ, मिरची, लसूण, आलं, जिरे मिक्सरमधून किंवा पाट्यावर वाटून घ्या. मूगडाळ नसेल तर अर्धी वाटी बेसन चालेल.

३. मोठ्या पातेल्यात दोन्ही पिठं, वाटण, ओवा, तीळ, हळद, मीठ घालून थोडं थोडं पाणी घालत कालवा. एकदम पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. पीठ पळीतून सलग धारेने पडलं पाहिजे. भजीच्या पिठापेक्षा पातळ, ताकापेक्षा घट्ट.

४. आता पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी चुकवू नका. ज्वारी-नाचणीचं पीठ पाणी सावकाश पितं. भिजायला वेळ दिला नाही तर धिरडं तव्यावर फुटतं आणि घशाला कोरडं लागतं. तेवढ्या वेळात डबे भरून होतात.

५. कांदा आणि पालेभाजी शेवटी, तव्यावर टाकायच्या आधी घाला. आधी घातली तर मिठाने पाणी सुटून पीठ सैल होतं. भाजी चिरायच्या आधी धुवा, चिरल्यावर नको. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जातं.

६. तवा चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की चर्रर करून उडाला पाहिजे. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. आता आच मध्यम करा, मधोमध पळीभर पीठ घाला आणि पळीच्या बुडाने गोल पसरवा. फार पातळ करायला जाऊ नका.

७. वर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा. वरची बाजू कोरडी दिसली आणि कडा आपोआप सुटल्या की उलथणं घालून उलटा. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिट.

ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, दही, नाहीतर कालची उसळ. घरात अंडी खात असाल तर तव्यावर धिरडं पसरल्यावर त्यावर एक अंडं फोडून पसरवा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. लहान मुलांसाठी मिरची न घालता पीठ बाजूला काढून ठेवा.

बिघडलं तर का बिघडतं?

तव्याला चिकटतंय : तवा पुरेसा तापला नाही, किंवा नुकताच घासून पांढरा केला आहे. धिरड्याचा तवा शक्यतो वेगळा ठेवावा, राखेने खरवडू नये. पुसून तेलाचा हात लावून ठेवला की तो दिवसेंदिवस सुधारतो.

उलटताना तुटतंय : घाई झाली, किंवा डाळ-बेसन कमी पडलं. दोन चमचे बेसन कालवा.

वरून करपलं, आत कच्चं : आच मोठी आहे किंवा धिरडं जाड झालंय.

खाताना कोरडं लागतंय : पीठ घट्ट होतं किंवा भिजलं नाही. अर्धी वाटी ताक घालून बघा.

नॉनस्टिक तव्याची गरज नाही. लोखंडी किंवा बिडाचा तवा उत्तम. लोखंडी तव्यावर केलेल्या ओलसर, आंबट पदार्थात थोडं लोह उतरतं, ते आपल्या उपयोगाचंच. फक्त आंबट पीठ लोखंडी भांड्यात भिजवून ठेवू नका, ते स्टीलच्या पातेल्यात ठेवा.

कृती दुसरी : ओट्सचं गोड धिरडं

मुलं हट्ट करतात, किंवा घरात ओट्सचं पाकीट आलंय, तर ही कृती. दोन माणसांपुरती, छोटी पाच-सहा होतात.

शंभर ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये फिरवून भरड पूड करा. पिकलेलं एक केळं कुस्करा. त्यात एक अंडं फोडून फेटा. अंडं नको असेल तर दोन चमचे बेसन घ्या. अर्धी वाटी दूध आणि दोन चमचे किसलेला गूळ घालून सगळं एकत्र करा आणि दहा मिनिटं ठेवा. ओट पाणी ओढून घेतं, त्यामुळे पीठ घट्ट झालं तर थोडं दूध आणखी घाला. तवा मंद आचेवर ठेवून तेलाचा हात लावा आणि पुरीएवढी छोटी धिरडी घाला. केळं आणि गूळ असल्यामुळे मोठ्या आचेवर ती लगेच करपतात. मोठं धिरडं घातलं तर उलटताना मोडतं, कारण हे पीठ मऊ असतं.

हीच कृती ओट्सऐवजी नाचणीचं पीठ घेऊनही होते. नाचणीची करताना एक चमचा कणीक घाला आणि पीठ वीस मिनिटं भिजू द्या.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी केळं-गुळाचं हे धिरडं खाऊ नये, पहिली कृती घ्यावी. आणि तीही मापात. "ज्वारीने साखर वाढतच नाही" असं काही नाही. कोणत्याही धान्याने वाढते, ज्वारीत चोथा असल्याने सावकाश वाढते, एवढाच फरक.

दुकानातून ओट्स घ्यायचे तर साधे घ्या. मसाल्याच्या तयार पाकिटांत मीठ बरंच असतं. पाकिटाच्या मागे घटकांची यादी छापलेली असते, ती मुलांकडून वाचून घ्या. त्यात ओट्सशिवाय दुसरं काही नसेल ते पाकीट चांगलं.

खर्चाचा हिशोब

आपण गटाचं रजिस्टर लिहितो तसाच हा हिशोब मांडू. भाव मी अंदाजाने धरले आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे आकडे बदलून घ्या.

ज्वारीचं धिरडं, चार माणसं :
ज्वारी २०० ग्रॅम, ४० रुपये किलोने ८ रुपये
नाचणी ५० ग्रॅम, ५० रुपये किलोने अडीच रुपये
मूगडाळ ५० ग्रॅम, ११० रुपये किलोने साडेपाच रुपये
तेल २० ग्रॅम, १५० रुपये किलोने ३ रुपये
भाजी, कांदा, मिरची-मसाला १० रुपये
एकूण २९ रुपये. माणशी सव्वासात रुपये.

ओट्सचं धिरडं, दोन माणसं :
ओट्स १०० ग्रॅम, २०० रुपये किलोने २० रुपये
केळं ५, अंडं ७, दूध ४, गूळ २, तेल १ रुपया
एकूण ३९ रुपये. माणशी साडेएकोणीस रुपये.

ज्वारी घरची असेल आणि पालेभाजी परसबागेतली असेल, तर पहिला खर्च आणखी खाली येतो. चार जणांच्या धिरड्यांत मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात, म्हणजे माणशी जवळपास नऊ ग्रॅम. चहा-बिस्किटाच्या जागी हे पोटात गेलं तर दुपारपर्यंत तग धरता येतो.

रक्ताबद्दल चार गोष्टी नीट समजून घ्या

पहिली : "नाचणी खा, रक्त वाढेल" असं सर्रास सांगतात. नाचणीची मोठी बाजू कॅल्शियमची आहे. लोह तिच्यात ज्वारीपेक्षा थोडंच जास्त आहे. नाचणी जरूर खा, पण एकट्या नाचणीच्या भरवशावर राहू नका.

दुसरी : धान्यातलं आणि पाल्यातलं लोह सगळंच्या सगळं अंगाला लागत नाही. कोंड्यातला एक घटक ते धरून ठेवतो. पीठ रात्रभर आंबवलं किंवा मोड आलेलं कडधान्य वाटून घातलं तर ती पकड सैल होते. लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो सोबत खाल्ला तर लोह जास्त शोषलं जातं. लिंबू मात्र ताटात पिळायचं, तव्यावर नाही, कारण आचेने त्यातला उपयोगाचा भाग कमी होतो.

तिसरी : चहा. चहातला तुरटपणा लोहाला अडवतो. म्हणून धिरड्याबरोबर चहा घेतला तर भाजी, डाळ, लोखंडी तवा या सगळ्याचा फायदा कमी होतो. चहा सोडा असं मी म्हणत नाही, ते माझ्यानेही होणार नाही. खाणं आणि चहा यांत एक तासाचं अंतर ठेवा, एवढंच.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. तेव्हा धिरड्याने भागत नाही, लोहाच्या गोळ्या लागतातच. गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा नियम आहे. त्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळतात. गोळीने मळमळलं, शौचाला काळं झालं म्हणून परस्पर बंद करू नका. शौचाचा काळा रंग गोळीमुळेच येतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या, आणि आशाताईंशी बोला. न्याहारी आणि गोळी या दोघी बहिणी आहेत, एकीने दुसरीची जागा घ्यायची नाही.

पहिलं धिरडं कोणाचं?

आता मूळ मुद्दा. धिरडं हा असा पदार्थ आहे, की करणारी तव्याजवळ उभी आणि बाकीचे गरम गरम खाणारे. एकेक उतरतं, एकेक ताटात जातं. शेवटी पातेल्याच्या तळाशी जे पीठ राहतं त्याचं एखादं आपल्याला. पाहुणा आला तर तेही नाही. मग डोक्यावर पाटी आणि हातात खुरपं.

हे कोणी मुद्दाम करतं असं नाही. सासूबाईंनीही तसंच केलं, त्यांच्या सासूनेही. पण ज्या घरात बाई शेवटी खाते, त्या घरात कमी पडलेलं सगळं बाईच्याच वाट्याला येतं. धान्य कमी पडलं तरी आणि वेळ कमी पडला तरी.

त्यासाठी घरात भांडण काढायची गरज नाही. काही सोप्या सवयी सांगते.

पहिलं धिरडं तवा बघायला घालतो, ते जरा वेडंवाकडं येतं. ते आपलं. तव्याजवळ उभ्या उभ्याच, चटणी लावून, दुसरं भाजेपर्यंत खाऊन टाका. "चव बघतेय" म्हणायलाही हरकत नाही. दुसरं आपलं धिरडं डबे भरताना. अशी दोन-अडीच धिरडी पोटात गेली की झालं.

पीठ कालवतानाच माणसं मोजा आणि त्यात स्वतःला धरा. हे हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच घरांत "चौघांचा स्वयंपाक" म्हणतात तेव्हा करणारी पाचवी असते.

तव्याजवळ आळीपाळी करा. सातवी-आठवीतला मुलगा धिरडं उलटू शकतो. मुलीलाच शिकवायचं असं कुठे लिहिलंय? एक दिवस त्याने घालावीत, आपण बसून खावीत.

सकाळी अजिबात वेळ नसेल तर ओली भाजी न घालता दोन धिरडी फडक्यात बांधून सोबत न्या. बांधावर दहा वाजता पाच मिनिटं बसून खा. सोबतच्या बायकांनाही सांगा. एकटीला बसायला अवघड वाटतं, चौघी बसल्या की ती न्याहारीची सुट्टी होते.

गटाला यातून काय करता येईल?

एक तर तयार पीठ. ज्वारी १ किलो, नाचणी पाव किलो, मूगडाळ पाव किलो, उडीदडाळ १०० ग्रॅम, जिरे-ओवा दोन-दोन चमचे. डाळी मंद आचेवर कोरड्या भाजून घ्या, धान्य नुसतं गरम करून घ्या, सगळं पूर्ण गार झाल्यावर गिरणीतून एकत्र दळून आणा. भाजलेलं असल्यामुळे सकाळी डाळ भिजवायची-वाटायची गरज नाही, पाणी आणि भाजी घातली की झालं. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि थोडं थोडंच दळा. बाजरी घालणार असाल तर ती आठवड्यापुरतीच दळा, बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने तिचं पीठ लवकर कडू होतं.

आधी पाच घरांनी मिळून आपल्या वापरापुरतं दळून बघावं. चव, टिकाऊपणा, दळणाचा खर्च यांची नोंद ठेवावी. ते जमलं तर मग विक्रीचा विचार. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी, पाकिटावर घटक, वजन, तारीख हे सगळं लागतं. त्याची माहिती प्रभागसंघाच्या कार्यालयात मिळेल. घाईने कर्ज काढून मशीन घेऊ नका. गिरणी गावात आहेच.

दुसरं, पुढच्या बैठकीसाठी एक छोटं काम. हजेरी झाली, बचत गोळा झाली, की प्रत्येकीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : "आज सकाळी काय खाल्लं आणि किती वाजता?" सचिवताईंनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावं. कोणी कोणाला बोलायचं नाही, लाजवायचं नाही. महिन्याभराने तोच प्रश्न परत विचारायचा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायची. आपण बचतीचा एकेक रुपया लिहितो, मग आपल्या पोटात गेलेल्या घासाची नोंद का नको?

तिसरं, ज्या जणींनी गेल्या सहा महिन्यांत हिमोग्लोबिन तपासलेलं नाही, त्यांची नावं आशाताईंना द्या. सगळ्या मिळून उपकेंद्रात गेलात तर एका सकाळीत काम होतं. रिपोर्टचा आकडा स्वतः लिहून ठेवा.

तुमच्या गावात धिरड्यात आणखी काय घालतात, भोपळा, दुधी, मोड आलेली मटकी, ते आपल्या गटाच्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. जमतील त्या कृती पुढच्या अंकात छापू. आज रात्री मात्र झोपायच्या आधी मूठभर मूगडाळ भिजत घाला. आणि पीठ कालवताना स्वतःला मोजायला विसरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक